हीट नंबर अकराशे सत्त्याऐंशी

"हा डबा कुणी बंद केला?"

मी लॅबच्या दारातच उभी होते. टेबलावर माझा सर्व्हर होता, त्याला झेंडूची माळ घातलेली, पुढच्या पत्र्यावर हळदीकुंकवाची बोटं, समोर उदबत्ती. एरवी दिवसरात्र लुकलुकणारे त्याचे दोन हिरवे दिवे विझलेले होते. गणबावले मामा खाली पाटावर बसून नारळाची शेंडी सोलत होते.

"मी केला," ते मान वर न करता म्हणाले. "आज खंडेनवमी. भट्टी बंद, ग्राइंडर बंद, क्रेन बंद. मग ह्यो एकटाच कशापायी चालू ठेवायचा? पूजेला बसलेलं हत्यार चालत न्हाई, पोरी."

"कधी केला?"

"सकाळी आल्या आल्या. का, काय बिघडलं?"

मी काही बिघडलं नाही म्हणाले आणि चप्पल काढून आत येऊन बसले. मामांनी नारळ फोडला, पाण्याचे चार थेंब सर्व्हरवर शिंपडले. दुसऱ्या कुठल्याही दिवशी विजेच्या वस्तूवर पाणी टाकलं म्हणून मी ओरडले असते. त्या दिवशी वाटलं, आता टाका बालदीभर.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. कागलच्या रस्त्यावरच्या एका फाउंड्रीत मी कॉम्प्युटरचं सगळं बघायची. सगळं म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून ते सर्व्हरपर्यंत. मी एकटीच होते. फाउंड्रीला एका ट्रॅक्टर कंपनीची मोठी ऑर्डर लागली होती, चाकाच्या हबची. हब म्हणजे ज्याच्यावर अख्खं चाक बसतं तो भाग. ती कंपनी फार काटेकोर होती. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्याला फाउंड्रीत हीट म्हणतात, तिला नंबर असतो, आणि तो नंबर त्या हीटच्या प्रत्येक हबवर उठवलेला असतो. कंपनीला प्रत्येक हीटच्या लोखंडात काय किती आहे याची नोंद कॉम्प्युटरवर हवी होती. अट अशी की एकदा पडलेली नोंद कुणालाही पुसता येऊ नये, बदलता येऊ नये, आणि एका हीटची दुसरी नोंद घेता येऊ नये.

लॅबमध्ये लोखंड तपासणारं यंत्र होतं, त्याला सगळे स्पेक्ट्रो म्हणायचे. ते इतकं जुनं होतं की त्याची भाषा बाजारातल्या कुठल्याच डेटाबेसला कळत नव्हती. म्हणून मी स्वतःचा डेटाबेस सर्व्हर बांधायला घेतला. तयार सर्व्हर घ्यायचा, त्यात स्पेक्ट्रोची भाषा समजणारा तुकडा जोडायचा, नोंद न पुसण्याचं कुलूप घालायचं, आणि हे सगळं एका कंटेनरमध्ये बंद करून चालवायचं. कंटेनर म्हणजे मशीनच्या आतली एक भाड्याची खोली समजा. खोली कशी असावी याचा नकाशा आपण लिहून ठेवायचा, हुकूम दिला की खोली उभी. बिघडली तर पाडा, पुन्हा उभी करा.

दोन महिने मी हेच करत होते. दिवसातून वीस वेळा खोली बांधायची, वीस वेळा पाडायची. दर वेळी जुना राडारोडा काढायचा कंटाळा म्हणून मी हुकमातच लिहून ठेवलं होतं की खोली बंद झाली की आपोआप जमीनदोस्त व्हावी, आतल्या सामानासकट. सामान बाहेर, मशीनच्या पक्क्या जागेत ठेवण्याची सोय असते. तिला दोन ओळी लिहाव्या लागतात. त्या मी अजून लिहिल्या नव्हत्या, कारण आत ठेवण्यासारखं काही नव्हतंच. सगळे आकडे खोटे होते, माझ्या चाचणीचे.

मग गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कंपनीचे तीन पाहुणे अचानक येतो म्हणाले. आमचे मॅनेजर आवटे साहेब लॅबमध्ये आले आणि म्हणाले, तोडकर, आजपासून चालू. मी म्हटलं, सर, अजून चाचणी चाललीय, दोन दिवस द्या. ते म्हणाले, लग्नाची वरात दारात आली आणि तुम्ही नवरीला न्हायला पाठवताय. खोली एकदा पाडून चाचणीचे आकडे तेवढे मी काढून टाकले. त्या दिवशी पाहुण्यांसमोर मोठ्या पडद्यावर हीटमागून हीट झळकल्या, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि आवटे साहेबांनी पाहुण्यांच्या देखत मामांचं हाताने लिहायचं रजिस्टर बंद करून कपाटात ठेवलं. आमच्याकडे आता कागद नाही, असं ते अभिमानाने म्हणाले.

त्या संध्याकाळी मी मनाशी म्हटलं, उद्या नीट लावते. पण उद्या चालू भट्टीत सर्व्हर बंद कसा करायचा? गौरी जेवल्या, गणपती गेले, पितर जेवून गेले, घट बसले. अडतीस दिवस मी उद्या म्हणत होते. बॅकअप मात्र रोज रात्री इमानेइतबारे होत होता, त्याच खोलीत.

म्हणून मामांनी बटण दाबल्याचं कळलं तेव्हा मला मशीन चालू करून बघायचीही गरज नव्हती. एकशे सेहेचाळीस हीट गेल्या होत्या. त्यांचे तीन हजारांवर हब मागच्या आवारात रचून ठेवलेले, आणि पहिली खेप पुढच्या गुरुवारी निघायची होती. नोंदीशिवाय सर्टिफिकेट निघणार नव्हतं आणि सर्टिफिकेटशिवाय हबला भंगाराची किंमत.

आरती झाली. मला पेढा मिळाला, तो मी हातातच धरून ठेवला. घरी जाऊन आईला काही सांगितलं नाही. दसऱ्याला शेजारपाजारचे सोनं द्यायला आले, सगळ्यांना हसून सोनं दिलं. मला फाउंड्रीत लागून जेमतेम वर्ष झालं होतं आणि ही नोकरी गेली तर दुसरीकडे काय सांगणार, हा एकच विचार दोन दिवस डोक्यात गरगरत होता. दुसरा विचार यायला जागाच नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आवटे साहेब लॅबमध्ये आले तेव्हा पडदा रिकामा होता. मग त्यांनी विचारलं, हे काय?

"सर, खंडेनवमीला मशीन अचानक बंद झालं," मी म्हणाले. "त्यात डेटा गेला."

यातला शब्दन् शब्द खरा होता. इतकं सफाईदार खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते आणि नंतरही मला जमलेलं नाही.

"बंद झालं म्हणजे? लाइट गेली?"

"मी बंद केलं," मामा मागून म्हणाले. मी त्यांच्याकडे बघायच्या आत ते पुढे येऊन उभे राहिले होते. "पूजेला. कुणाला इचारलं न्हाई."

आवटे साहेबांचा चेहरा बघून मला वाटलं, आता मामांना हात लावतील. तसं काही झालं नाही. ते फक्त हळू आवाजात म्हणाले की छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला मेमो द्यायची वेळ यावी याचं वाईट वाटतं, पण देणार. मालकांना सांगावं लागणार. आणि गुरुवारी खेप निघाली नाही, तर मेमोवर भागणार नाही. मामांना निवृत्तीला आठ महिने उरले होते. फाउंड्रीत त्यांच्या शब्दावर माल बाहेर पडायचा. मामांनी होय म्हटलं की चाललं, असं भट्टीवरचे लोक म्हणायचे. तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत माझ्या चुकीपायी खाली मान घालून उभा होता. मी तेव्हा बोलायला हवं होतं.

"साहेब, कॉइन हायत की," मामा म्हणाले. "सगळी परत मारतो. तीन दिस द्या."

प्रत्येक हीट ओतताना एक चकती वेगळी ओतून घेतात, रुपयापेक्षा मोठी आणि बोटभर जाड. तिला कॉइन म्हणतात. तिच्यावर नंबर ठोकायचा, तपासायची आणि पत्र्याच्या डब्यात ठेवून द्यायची. मामांनी एकही टाकली नव्हती. एकशे सेहेचाळीस कॉइन परत घासायच्या, प्रत्येकीवर स्पेक्ट्रोची ठिणगी तीन वेळा पाडायची, आकडे घ्यायचे. एका कॉइनला दहा मिनिटं.

काम सुरू करायच्या आधी मी त्या दोन ओळी लिहिल्या. सामान बाहेरच्या पक्क्या जागेत, खोली पडली तरी हरकत नाही. मग चार वेळा बंद करून चालू करून पाहिलं, खोटी नोंद जागेवर होती. दोन मिनिटांचं काम होतं. मामा बाजूला उभे राहून बघत होते. झालं का, एवढंच त्यांनी विचारलं.

आम्ही शेवटाकडून सुरुवात केली, कारण ताजे डबे वर होते. तेराशे तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. मामा ग्राइंडरवर कॉइन घासून द्यायचे, मी स्पेक्ट्रोखाली ठेवायची, दाबायची, खर्र असा आवाज, पुन्हा सरकवायची, पुन्हा खर्र. पहिल्या दिवशी चव्वेचाळीस झाल्या. घरी जाऊन मी भाताचा घास घेतला तर बोटांना लोखंडाचा वास. दुसऱ्या दिवशी मामांच्या खांद्यात कळ आली, मग मी घासायला बसले आणि ते ठिणगी पाडायला. दुपारी आम्ही दोघंही डबे उघडून जेवत होतो. मामींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं असं मामा म्हणाले, तेवढंच बोलणं. मला दर तासाला वाटायचं, आता सांगावं. मामा, तुम्ही बंद केलं म्हणून गेलं नाही, माझ्यामुळे गेलं. आणि दर तासाला पुढची कॉइन समोर यायची आणि मी ती उचलायची. हाताला काम असलं की तोंडाला कारण मिळतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता चार कॉइन उरल्या. पाहुणे आले होते त्या दिवशीच्या. अकराशे अठ्ठ्याऐंशी झाली, चांगली आली. मग मामांनी अकराशे सत्त्याऐंशी उचलली. ती घासायला त्यांनी फार वेळ लावला. मला द्यायच्या आधी दिव्याखाली धरून बघितली, पॅंटला पुसली, पुन्हा बघितली.

मी दाबलं. पडद्यावर मॅग्नेशियमच्या घरात अठरा आलं.

या लोखंडात मॅग्नेशियम पस्तीसच्या वर लागतं, तेही टक्क्याच्या हजाराव्या हिश्शात मोजून. त्यावर सगळा खेळ असतो. कमी पडलं तर हब दिसायला तसाच दिसतो, रंगही तसाच चढतो, पण खड्ड्यात चाक आदळलं की तो वाकत नाही, फुटतो. मी कॉइन सरकवून पुन्हा दाबलं. अठरा. तिसऱ्यांदा सतरा.

"मामा, ही खराब आहे."

"व्हय."

"पण मग तेव्हा कशी पास झाली? तेव्हा खराब असती तर..."

मी बोलता बोलता थांबले, कारण मामा स्टुलावर बसले होते आणि त्यांनी चष्मा काढला होता. तीन दिवसांत मी त्यांना काम चालू असताना बसलेलं पाहिलं नव्हतं.

"त्या दिशी पाहुण्यांना भट्टी दाखवायची म्हणून साहेबानं ओतकाम थांबवलं," ते म्हणाले. "लेडल, ओतायची बादली, भरलेली. धा-बारा मिनटं भाषण चाललं. एवढा येळ मॅग्नेशियम थांबत न्हाई, उडून जातंय. मला ठाऊक होतं. मी साहेबाकडं बघितलं, साहेब पाहुण्यांकडं बघत होता. मग ओतलं. कॉइन आली, मी आधी एकदा माझ्यापुरती मारून बघितली. अठरा. काचंपलीकडं सगळी त्या पडद्याकडं तोंड करून उभी. साहेब म्हणाला, मामा, टाका की. मी शेजारची शहाऐंशीची कॉइन उचलली, आणि ती मारली."

"आणि नोंद सत्त्याऐंशीची."

"व्हय. छत्तीस वर्सांत एकदा हात हलला."

त्यांनी मग सांगितलं की पाहुणे गेल्यावर दुरुस्त करू, असं त्यांच्या मनात होतं. खरी कॉइन त्यांनी डब्यात बरोबर जागी ठेवली होती. पण संध्याकाळी बघायला गेले तर नोंद हलेना. दुसरी घ्यावी तर कॉम्प्युटर घेईना. त्यांनी मला विचारलं होतं, एखादा आकडा चुकला तर काढता येतो का. मला ते आठवलं. मी चहा पीत होते आणि मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की मामा, माझ्या बापालाही काढता येणार नाही. मग मीच हसून पुढे म्हणाले होते, एकच मार्ग आहे, हा डबा बंद करायचा, म्हणजे सगळंच जाईल, अजून मी पक्कं लावलेलं नाही ना.

बाहेर कुणीतरी क्रेनची साखळी ओढत होतं, तिचा आवाज येत होता.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पूजा वगैरे काही नाही."

"पूजा दरसालची हाय. पूजा खोटी न्हाई," मामा पहिल्यांदाच थोडं चढून बोलले. मग आवाज खाली आला. "अडतीस दिस झोप न्हाई, पोरी. बावीस हब त्या ढिगात पडल्यात. त्यावर कुणीतरी बसणार. पोरंबाळं घालून ट्रॉलीत, बाजाराला जाणार. साहेबाच्या दाराशी तीनदा गेलो. छत्तीस वर्सं ज्या तोंडानं व्हय-न्हाई सांगितलं, त्या तोंडानं मी लबाडी केली म्हणायला जीभ उचलंना. म्हटलं, सगळंच जाऊ दे. सगळं परत मारायला लागंल. मग कॉइन बोलंल, मला बोलायला नको."

"मामा, माझी नोकरी गेली असती!"

"म्हणून तर लगेच म्हणालो, मी बंद केलं."

मला त्यांचा भयंकर राग आला. तीन दिवस मी ज्या माणसापुढे मनातल्या मनात कान धरून बसले होते, त्याने माझी चूक ओळखून, हेरून, दिवस धरून वापरली होती. आणि त्याच वेळी मला हेही कळत होतं की त्याने ती वापरली नसती, तर ते बावीस हब गुरुवारी गेले असते, माझ्या कुलूपबंद, न पुसता येणाऱ्या नोंदीसकट. त्या नोंदीचा मला केवढा अभिमान होता.

"आता काय लिहू?" मी विचारलं. काय लिहायचं ते माझ्या हातात नव्हतंच, एक बटण दाबायचं होतं. पण विचारलं.

"जे आलंय ते."

"आणि साहेबांना काय सांगू?"

मामांनी चष्मा घातला. "तुझं तू बघ. सांगू नगंस म्हणणार न्हाई मी. तुझंबी मला ठाऊक हाय, तू साहेबाला काय सांगितलंस ते ऐकलंय मी. मीबी काय म्हणणार न्हाई." एवढं बोलून ते उठले आणि शहाऐंशीची कॉइन घासायला घेतली, कारण अजून दोन उरल्या होत्या.

मी बटण दाबलं. अठरा पडलं आणि पक्कं झालं.

साडेपाचला मी आवटे साहेबांच्या केबिनमध्ये गेले. जाताना ठरवलं होतं की माझं तरी सांगायचं. मामांचं त्यांच्यापाशी, माझं माझ्यापाशी, माझ्यापुरतं मी मोकळं व्हायचं. सांगितलं की सर, एकशे पंचेचाळीस ठीक आहेत, एक हीट खराब निघाली, बावीस हब काढावे लागतील. साहेब आधी पांढरे पडले. मग त्यांनी विचारलं, पहिल्या वेळी हिचं काय आलं होतं?

"पहिलं सगळं गेलं ना, सर."

"हं. म्हणजे मामांचीच नजर चुकली असणार. वय झालं." ते खुर्चीत मागे टेकले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला. "पण आपल्या सिस्टीमनं पकडलं. तोडकर, हे बघा, हेच कंपनीला कळवायचं. माल बाहेर पडायच्या आत आम्ही स्वतःहून सगळं परत तपासलं आणि एक हीट बाजूला काढली. याच्याहून मोठी जाहिरात नाही."

टेबलावर मेमो टाइप करून ठेवलेला मला उलटा दिसत होता. मी म्हटलं, सर, एक सांगायचं होतं. ते म्हणाले, बोला. माझ्या मनात आलं की मी आता खोलीची आणि दोन ओळींची गोष्ट सांगितली, तर साहेब त्या पहिल्या दिवसापाशी जातील, त्या दिवशी काय काय झालं विचारत बसतील, आणि मामांचं बाहेर येईल. मामांना वाचवायचं तर मी गप्प राहायला हवं. हा विचार मला इतका आवडला की मी तो लगेच पांघरला. चोराला रस्ता दाखवणारं कुणी भेटावं तसं झालं. नऊ वर्षं मी तो उलटून पालटून बघितलाय आणि आत दर वेळी तेच निघतं, मला माझी नोकरी हवी होती.

"उद्यापासून बॅकअप दुसऱ्या मशीनवर ठेवते, सर," मी म्हणाले.

"उत्तम," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मेमोवर सही केली. वाचायला त्यांना वेळ लागला. 'वरिष्ठांच्या परवानगीशिवाय सर्व्हर बंद करून कंपनीच्या अभिलेखाचे नुकसान केले' असं त्यात होतं. दुपारी आवारात बावीस हब नंबर बघून बघून ढिगातून काढले आणि पुन्हा भट्टीत टाकले. मामा तिथे उभे राहून एकेक मोजत होते. बाविसावा आत गेल्यावर ते लॅबमध्ये आले, बेसिनवर तोंड धुतलं आणि टेबलावर डोकं टेकून अर्धा तास झोपले. माझ्या पाहण्यातली त्यांची ती एकमेव झोप. कुणी आलं तर मी खुणेनेच परत पाठवत होते.

खेप गुरुवारी गेली. कंपनीने कौतुकाचं पत्र पाठवलं, ते चौकट करून ऑफिसात लावलं. मला जानेवारीत बढती मिळाली. पुढचे आठ महिने मामा आणि मी एकाच खोलीत काम केलं आणि त्या दुपारबद्दल एक शब्द बोललो नाही. ते कॉइन घासायचे, मी आकडे बघायची. ते पूर्वीसारखेच पोरी म्हणायचे. मला वाटायचं, एकदा त्यांनी शिवी तरी द्यावी. कदाचित त्यांनाही माझ्याकडून तसंच काही हवं असेल.

मे महिन्याच्या शेवटी त्यांचा निरोप समारंभ झाला. कॅंटीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, मामी काळा चष्मा लावून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. शाल झाली, श्रीफळ झालं. आवटे साहेब बोलायला उभे राहिले. मामांच्या सचोटीबद्दल चांगलं बोलले, मनापासून बोलले. मग मैफल जरा हलकी करावी म्हणून म्हणाले, आमच्या मामांचा देवावर फार विश्वास आणि कॉम्प्युटरवर अजिबात नाही, इतका की गेल्या दसऱ्याला त्यांनी सर्व्हरला हळदकुंकू लावून झोपवलाच, आणि बिचाऱ्या तोडकर मॅडमना तीन दिवस एकशे सेहेचाळीस कॉइन मारायला लावल्या.

अख्खं कॅंटीन हसलं. मामींनाही हसू आलं, त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. मामा खुर्चीत बसल्या जागी मान हलवत हसले. मग सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, आणि मीही हसले.